कब्रस्तानाचा कोपरा

ता. १२ नोव्हेंबर १९६३, मंगळवार

आज ऐन बाजाराच्या दिवशी तांड्यावरचा बंडीवाला बाबूसिंग गेला. कापसाने भरलेली बंडी घेऊन सरकी काढायच्या जिनाकडे निघाला होता. नाल्याच्या उतारावर बैल बुजला की जू सुटले, कुणी नीट पाहिले नाही. बंडी उलटली आणि तो खाली सापडला. ओढून काढला तेव्हा तोंडानाकात कापूस होता. त्याची बायको लालीबाई बाजारात मिरच्या घेत बसली होती, तिला तिथेच सांगितले. तिचा आवाज माझ्या ओसरीवर ऐकू येत होता.

हंगामात त्या नाल्यात बंड्या उलटतातच. माणूस प्रथमच मेला.

संध्याकाळी सरपंच नंदकिशोर आला. कापसाचा अडत्या आहे, तरुण आहे, बाजारातली पोरे त्याच्या शब्दावर उठतात. म्हणाला, आता बाजारातून जिनापर्यंत सरळ रस्ता काढायचा. सरळ म्हणजे कब्रस्तानाच्या कोपऱ्यातून. त्यांना विचारावे लागेल असे मी म्हटले. त्यावर तो म्हणाला, "विचारा नं. तुमचं ऐकतात ते लोक. पण रस्ता होनार हाय, हे धरूनच विचारा."

त्याचे बोलणे उद्धट असले तरी गरज खरी आहे. रस्ता हवा. कबरीही राहायला हव्यात. दोन्ही बाजूंचे थोडे थोडे ऐकून घेतल्यावर सुटला नाही असा तंटा मी वकिलीत अजून पाहिलेला नाही.

ता. १७ नोव्हेंबर, रविवार

शाळेत शांतता समितीची सभा झाली. समिती म्हणजे खरे तर मी आणि मोहिउद्दीनभाई. बाकीचे सह्या करतात. मोटार स्टँडजवळ त्यांचा इंजिनदुरुस्तीचा कारखाना आहे. ढाणकीपासून फुलसावंगीपर्यंत कुणाच्या विहिरीवरचे इंजिन बंद पडले की त्यांना बोलावणे येते. मशिदीचे मुतवल्ली, म्हणजे कारभारी, तेच. गणपती आणि मोहरमचे डोले एकाच आठवड्यात आले होते त्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून गाव सांभाळले, तेव्हापासूनचा स्नेह.

नंदकिशोरची मागणी तीस फूट रुंदीची. मोहिउद्दीनभाईंची मंडळी म्हणाली, वीतभर देणार नाही. आवाज चढले. मी पंधरा फूट सुचवले. दोन्हीकडून कुरकुर झाली, म्हणजे सूचना बरोबर असावी.

मोहिउद्दीनभाई उठले. म्हणाले, "त्या पंधरा फुटात कोन झोपलं हाय ते आधी पाहून येऊ."

तेवढ्यासाठी सभा थांबली.

ता. १८ नोव्हेंबर

सकाळी दोघेच जाऊन आलो. कोपऱ्यात एकही दगड नाही, नुसते उंचवटे आणि तरोटा माजलेला. साथीच्या साली एकेका दिवशी इतकी माणसे पुरली की खुणा करायलाही कुणी उरले नाही, असे ते सांगत होते. त्यांच्या आईची पहिली दोन मुले तिथेच कुठेतरी आहेत. नक्की जागा आईलाही सांगता येत नसे, ती सगळ्या कोपऱ्यावरच फुले टाकायची.

 मग म्हणाले, बाबूसिंगच्या बायकोकडे काल जाऊन आलो, तिच्याकडे पाहून नाही म्हणवत नाही. पण दोन अटी. हाडे आमची आम्ही काढू, मजुरांनी हात लावायचा नाही. आणि आधी भिंत, मग रस्ता. भिंत नसली की उद्या आणखी आत येतील.

मला दोन्ही अटी रास्त वाटल्या.

परतताना फाटकाशी कय्युम भेटला. हा त्यांचा भाचा आणि जावईही. कारखान्यात काम करतो. अंगात रग आहे, पण हात फार कसबी. मला म्हणाला, "वकीलसाहेब, तीसचे पंधरा झाले ते समजलं. पन तुमचे कोनते पंधरा गेले?"

मोहिउद्दीनभाईंनी त्याला दटावले. मी मनावर घेतले नाही. या वयात हिशेब असाच सरळ दिसतो.

ता. ८ डिसेंबर, रविवार

ठरले. नंदकिशोरने सर्वांसमक्ष दोन्ही अटी मान्य केल्या. तिकडची पोरे अजून धुसफुसत होती, तेव्हा मोहिउद्दीनभाई उठून म्हणाले की माझा भरवसा अनंतरावांवर आहे. मीही उठून म्हणालो की या शब्दाला मी जामीन आहे. टाळ्या पडल्या.

घरी येऊन पत्नीला, रत्नप्रभेला, सांगितले. तिने विचारले, "नंदकिशोरने पाळलं नाही तर तुम्ही काय करणार?"

पाळील, म्हणालो. बायकांना सभेतले वातावरण कळत नाही.

ता. ३० डिसेंबर, सोमवार

पहाटेच मोहिउद्दीनभाईंचा निरोप आला. गेलो तर मजूर खणत होते. भिंतीचा पत्ता नाही. उद्या त्यांची शब-ए-बारात, उद्या सगळे कबरींवर दिवे लावायला यायचे.

नंदकिशोर म्हणाला, मजूर आज मोकळे होते, पुढे तुरीच्या कापणीला गेले की मिळायचे नाहीत, भिंत मागाहून घालू. शिवाय आखणीची दोरी पंधरा फुटांपलीकडे, कब्रस्तानात बरीच आत टाकलेली. बंडीला वळायला जागा हवी असे त्याचे म्हणणे. मी ठामपणे हरकत घेतली. बरेच बोलणे होऊन दोरी निम्मी मागे घ्यायला लावली. पूर्ण मागे घ्यायला लावणे शक्य होते का? असावे. पण मजुरांसमोर सरपंचाची फजिती झाली असती तर तो हट्टाला पेटला असता.

मोहिउद्दीनभाई खड्ड्यात उतरून पांढऱ्या कापडात हाडे गोळा करत होते. कय्युम फावडे घेऊन शेजारी. त्यांनी वर पाहून एवढेच विचारले, "भिंत कधी, अनंतराव?" महिन्याभरात, असे मी सांगितले.

ता. २२ जानेवारी १९६४

भिंत नाही. पंचायतीकडे सिमेंटचा परवाना आलेला नाही असे कळते. कब्रस्तान त्या बाजूने उघडे पडले आहे. काल डुकरे शिरली. रमजान चालू आहे, मंडळी उपाशी, त्यात वर्तमानपत्रांत पूर्वेकडच्या हिंदू-मुसलमान दंगलींच्या बातम्या. बाजारात त्या मोठ्याने वाचल्या जातात, आणि कोण ऐकतो आहे हे पाहून अधिक मोठ्याने.

नंदकिशोरला तीनदा भेटलो. प्रत्येक वेळी त्याने चहा पाजला.

ता. १० फेब्रुवारी

कय्युमने आणि चार-पाच पोरांनी नव्या रस्त्यावर बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. भिंत होईपर्यंत रस्ता बंद, म्हणतात. बंड्या पुन्हा नाल्यातून जाऊ लागल्या. मी मोहिउद्दीनभाईंना म्हटले, हे बरोबर नाही, कुंपण काढायला सांगा. ते म्हणाले, "मी सांगतो. तुमी भिंतीचं सांगा."

ईद होईपर्यंत कुंपण राहू द्यावे आणि भिंतीचा दगड ईदनंतर आणावा, असे दोन्हीकडे सुचवले. ऐकून घेतात. उत्तर देत नाहीत.

ता. १८ फेब्रुवारी, मंगळवार



ईद परवा शांतपणे पार पडली म्हणून मी निर्धास्त होतो. आज भरबाजारात नंदकिशोरच्या पोरांनी कुंपणाला आग लावली. वारा कब्रस्तानाकडे होता, आतले गवत पेटले. तिकडून दगड आले, इकडून गेले. आयशाबीचे बांगड्यांचे दुकान फोडले, रस्ताभर काचा. मग कुणीतरी कापसाची एक बंडी पेटवली. बैल सोडायला सवड मिळाली नाही. त्यांचे ओरडणे मी कधी विसरणार नाही.

मोहिउद्दीनभाई आणि मी रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्हीकडे हात जोडत होतो. मला एक दगड पायाला लागला. थोडासाच.

ता. १९ फेब्रुवारी

फौजदारांनी आम्हा दोघांना ठाण्यात बोलावले. वरून हुकूम आहे, प्रतिबंधक अटका कराव्या लागतील, दोन्ही बाजूंची सारखी नावे द्या, म्हणजे पक्षपात झाला असे कुणी म्हणणार नाही.

मोहिउद्दीनभाई म्हणाले, "कोनं दगड मारला हे मी पाह्यलं असतं तं सांगतलं असतं. माझ्या पोराचं असलं तरी सांगतलं असतं. पाह्यलं नाही. अंदाजानं कोनाचं नाव घेत नाही मी." आणि उठून बाहेर गेले. मला त्यांचे वागणे पटले नाही. अशा वेळी जबाबदार माणसांनी हात झटकले तर पोलीस मनाला येईल त्याला धरतात.

मी नावे दिली. इकडची पाच, तिकडची पाच. इकडची म्हणजे जिनावरची हमाल पोरे, गोंधळात पुढे होती ती. नंदकिशोरचे नाव घेण्यात अर्थ नव्हता. तो सरपंच, तोच आत गेला तर बोलणी कुणाशी करायची? तिकडच्यांत कय्युमचे नाव घेतले. तो बाहेर राहिला असता तर चिडून काहीतरी करून बसला असता. चार दिवस आत राहिला तर सुरक्षित राहील, असा माझा विचार. मोहिउद्दीनभाईंना हे सावकाश समजावून सांगावे लागेल.

रत्नप्रभेने विचारले, कय्युमचं नाव पोलिसांना कुणी दिलं म्हणे? मी म्हणालो, त्यांना ठाऊकच होते.

ता. २० फेब्रुवारी, गुरुवार

इकडची पाचही पोरे काल सूर्य मावळायच्या आत सुटली. नंदकिशोर जामिनाचे कागद घेऊन आला, मी ते करून दिले. वकील म्हणून नाही म्हणता येत नाही. तिकडच्यांचेही करावेत म्हणून आज दुपारी ठाण्यात गेलो. म्हणजे समतोल राहिला असता.

फौजदार म्हणाले, त्यांचे वेगळे प्रकरण आहे, बंडी जाळल्याचे. चोवीस तासांत पुसदला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करायला हवे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. गाडी नाही, उद्या सकाळी नेतो, म्हणाले. एका रात्रीचा प्रश्न, म्हणून मी ताणले नाही.

कय्युमला पाहायला आत जाऊ दिले. तो भिंतीशी आडवा होता. उठायचा प्रयत्न केला, जमले नाही. तळपाय सुजून काळेनिळे झाले होते. लुगडी रंगवणाऱ्याच्या हाताला असतो तसा रंग. पोटाला हात धरून होता. म्हणाला, "वकीलसाहेब, लघवीतून रक्त जाऊन राह्यलं. मामूले सांगा." पाणी मागितले. मी शिपायाला सांगून पाणी देवविले.

बाहेर येऊन फौजदारांना म्हटले, याला डॉक्टर दाखवा. ते म्हणाले, दंग्यात पडलेला मार आहे, दाखवतो. त्यांच्याशी तोंडाला तोंड देऊन उपयोग नव्हता. ते चिडले असते तर त्याचेच हाल वाढले असते.

घरी येताना मोहिउद्दीनभाईंच्या घरावरून आलो. दारात दहाबारा तरुण बसलेले. मी पाऊल थांबवले. आता हे सांगितले तर ही पोरे सरळ ठाण्यावर चालून जातील आणि गोळीबार होईल. उद्या सकाळी पुसदला नेणारच आहेत, तिथे सरकारी दवाखाना आहे. एका रात्रीने काय बिघडते, असा विचार करून तसाच पुढे आलो. खातूनबी खिडकीत होत्या. मोहिउद्दीनभाईंच्या पत्नी, मला भाऊ मानतात. त्यांनी हात वर केला. मीही केला.

जेवण गेले नाही.

ता. २१ फेब्रुवारी

कय्युम पहाटे गेला.

ता. २२ फेब्रुवारी, शनिवार

यवतमाळहून बंदूकवाले पोलीस आले. शवविच्छेदन होऊन दुपारी प्रेत दिले. मशिदीतून कब्रस्तानाकडे जायचा नेहमीचा रस्ता बाजारातून. फौजदार नको म्हणाले. नंदकिशोर म्हणाला, बाजारातून नेले तर मी पोरांची हमी देत नाही. तेव्हा मी मोहिउद्दीनभाईंकडे गेलो आणि नाल्याकडून नेण्याची विनंती केली.

 ते म्हणाले, "बरं. नाल्यातून नेतो."

तरुणांनी ऐकले नाही. जनाजा मशिदीच्या दारातच अडला. बाजारातूनच न्यायचा, नाहीतर बाजार पेटवायचा, अशी भाषा सुरू झाली. हातात दगड, एकाच्या हातात कारखान्यातली लोखंडी कांब. मी पोलिसांच्या गाडीजवळ होतो, सगळे दिसत होते. मोहिउद्दीनभाई टोपी काढून पायरीवर उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"ज्याच्या हातात दगड हाय त्यानं पयले माह्यावर टाकावा. मंग बाजारात जावं. बाजारात बायका हायेत, लेकरं हायेत. त्यायनं माह्या कय्युमले मारलं नाही."

कुणीतरी खरोखरच मारला. कपाळ फुटले. त्यांनी हात वर केला नाही, पुसलेही नाही. रक्त डोळ्यात उतरत असताना वाकून जनाज्याची पुढची दांडी खांद्यावर घेतली आणि नाल्याकडे वळले. पाच-दहा क्षण ते आणि मागचे तिघेच होते. मग एकेक जण हातातले टाकून मागे गेला.

गाव वाचले. प्रांतसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमच्या समितीने आज मोठे काम केले.  नाल्यात पाणी होते, लोक गुडघाभर चिखलातून जात होते, जनाजा एकदा कलला आणि सावरला. तेवढे मी पाहिले आणि नजर वळवली.

ता. ३ मार्च

आज मोहिउद्दीनभाई घरी आले. कपाळावर पट्टी. ओसरीवर बसले, पाणी घेतले नाही. कय्युमबरोबर अटकेत असलेल्यांपैकी एक सुटून आला, त्याच्याकडून त्यांना कळलेले.

"वीस तारखेले तुमी ठान्यात गेलते?"

हो, म्हणालो.

"कय्युमले पाह्यलं?"

हो.

"मंग माह्या घरी काहून नाही आले?"

मी सगळे सांगितले. दारातली पोरे, गोळीबाराची भीती, पुसदचा दवाखाना. काही लपवले नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मला वाटले होते ते ओरडतील. ओरडले असते तर सोपे गेले असते.

"मी एकटाच आलो असतो," ते म्हणाले. "ठान्यासमोर बसलो असतो. पोरायले घरी कोंडलं असतं, पन बसलो असतो. डॉक्टर आनल्याशिवाय उठलो नसतो. हे तुमाले मालूम होतं, अनंतराव. वीस वर्सं वळखता मले."

मग उठताना म्हणाले, "चौकशीले मॅजिस्ट्रेट येऊन राह्यला. तुमी पाह्यलं तेवढं सांगा. वाढवू नका. कमी करू नका."

ते गेल्यावर पाहिले तर रत्नप्रभा दाराआड उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

ता. ७ मार्च

फौजदार आणि नंदकिशोर बरोबरच येऊन गेले. धमकी वगैरे काही नाही. पोलिसांवर ठपका आला तर तिकडची पोरे पुन्हा उठतील, इकडची गप्प बसणार नाहीत, आत्ता कुठे बाजार भरू लागला आहे, एवढेच म्हणाले. नंदकिशोरने भिंतीचे दगड आणून टाकलेत. चौकशी निवली की काम सुरू.

खोटे मी बोलणार नाही. आयुष्यात कोर्टात खोटे बोललेलो नाही. पण खरे किती मांडायचे याला काही मर्यादा असते ना? माझ्या एका वाक्यावर सगळे गाव आहे. मोहिउद्दीनभाई दुःखात आहेत, त्यांना आज फक्त कय्युम दिसतो. मला सगळ्यांकडे पाहावे लागते.

दोन रात्री झोप नाही.

ता. ९ मार्च, सोमवार

जबानी झाली. मी सांगितले: कय्युम आडवा होता. पाय दुखतात असे म्हणाला. पायावर सूज दिसली. दोन दिवस आधी दंग्यात दगडफेक झाली होती, त्यात मलाही दगड लागला होता. सूज कशाने आली हे मी सांगू शकत नाही.

मॅजिस्ट्रेटनी विचारले, मृताने मारहाणीची तक्रार केली का? तशी त्याने मारहाण हा शब्द वापरला नव्हता. नाही, म्हणालो. आणखी काही बोलला का, असे त्यांनी विचारले. पाणी मागितले, म्हणालो.

मोहिउद्दीनभाई मागच्या बाकावर होते. मी बाहेर येताना ते उठून उभे राहिले आणि मला वाट दिली.

संध्याकाळी रत्नप्रभेने विचारले, काय सांगितलंत? मी शब्दशः सांगितले. तिने विचारले, "रक्ताचं?" मी तिला ते कधी सांगितले होते? बहुधा झोपेत बोललो असेन.

ते कुणी विचारले नाही, असे म्हणालो.

ता. २ एप्रिल

निकाल आला. दंग्यातील इजांमुळे मृत्यू. कुणावर ठपका नाही. गाव शांत आहे. भिंत छातीपर्यंत आली. मी दिलेला शब्द उशिरा का होईना पुरा होतो आहे, याचे समाधान वाटायला हवे.

रत्नप्रभा काल कय्युमच्या चाळिसाव्याला गेली होती. मला न विचारता. जमिला, त्याची बायको, भिंतीकडे तोंड करून बसलेली असते, कुणाशी बोलत नाही, एवढेच सांगितले. हल्ली ही माझ्याशी कामापुरते बोलते. प्रकृतीमुळे असेल.

ता. १७ मे

जिल्ह्याचे मोठे साहेब येऊन रस्त्याचे उद्घाटन करून गेले. भाषणात समितीचा उल्लेख, मध्यममार्गी नेतृत्व वगैरे. मला हार घातला. मोहिउद्दीनभाईंनाही निमंत्रण होते. आले नाहीत.

त्यांचा कारखाना जवळजवळ बंद आहे. नंदकिशोरच्या सांगण्यावरून इकडचे शेतकरी इंजिने पुसदला नेतात. आणि त्यांची स्वतःची माणसे म्हणतात की कोपरा यांनी दिला, वकिलावर भरवसा यांनी ठेवायला लावला, जनाजा नाल्यातून यांनी नेला. मुतवल्लीपद काढून घेतले. नमाजाला त्यांच्या बाजूला कुणी उभे राहत नाही असे ऐकले. मी मध्यस्थी करू का म्हणून निरोप पाठवला होता. उत्तर आले नाही.

ता. ५ जुलै, रविवार

जमिलाची इद्दत, विधवेने घरात काढायची मुदत, संपली तसे त्यांनी गाव सोडले. नांदेडला खातूनबींचा भाऊ आहे, तिकडे. सामानाच्या दोन बंड्या. मी गेलो. जाऊ की नको असे सकाळपासून चालले होते, पण न जाणे बरे दिसले नसते. खरे सांगायचे तर मला त्यांच्या तोंडून काहीतरी ऐकायचे होते.

खातूनबी बंडीत बसल्या होत्या. मला पाहून पदर पुढे ओढला. वीस वर्षांत त्यांनी माझ्यासमोर कधी ओढला नव्हता. जमिलाने मान वर केली नाही. मोहिउद्दीनभाई दोर आवळत होते. काम पुरे करून माझ्याजवळ आले. कपाळावरची खूण पांढरी पडली आहे.

मी म्हणालो, मी जे केले ते गावासाठी केले, एवढे तरी तुम्ही समजून घ्याल.

"तुमी वाईट मानूस नाही," ते म्हणाले. "हेच मी माह्या लोकायले सांगत गेलो. वाईट मानसावर त्यायनं भरवसा ठेवलाच नसता. मंग कय्युम बी कुंपण घालून बसला नसता भिंतीची वाट पाहात. कुठंतरी पळाला असता, नाही तं लढला असता. जित्ता तं राह्यला असता."

  बंडी हलली तसे ते शेजारून चालू लागले. मी स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर गेलो. तिथून पुढे काय बोलावे ते सुचेना, म्हणून परतलो.

ता. १२ जुलै

डोले झाले, श्रावण तोंडावर आला, पुढे गणपती. समितीत त्यांच्या बाजूचा माणूस हवा, नाहीतर समितीला अर्थ नाही. बैठकीत रहेमानचे नाव निघाले. स्टँडवर सायकली दुरुस्त करतो. माणूस शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. नंदकिशोरचीही हरकत नव्हती. एकमताने ठरले.

संध्याकाळी रहेमान घरी आला. पायरीवरच उभा राहिला, वर ये म्हटले तरी आला नाही. हात जोडून म्हणाला, "वकीलसाहेब, माह्यं नाव काढून टाका. मले जमत नाही."

मी समजावले. समितीत काही करावे लागत नाही, महिन्यातून एकदा बसायचे, दोन्ही बाजूंचे ऐकायचे. आपल्यासारख्या समजूतदार माणसांनी मागे सरायचे ठरवले तर गाव डोकी फिरलेल्यांच्या हाती जाईल.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "घरवालीनं नाही म्हटलं."

मी आणखी काही बोलणार तोच आतून रत्नप्रभेचा आवाज आला. इतक्या महिन्यांत ती माझ्या बैठकीत कधी बोलली नव्हती.

"जा रे बाबा तू घरी. तुझ्या बायकोनं बरं केलं."

रहेमान गेला. ती माझे ताट वाढून ठेवून मागल्या दारी निघून गेली.